कुंकू लागलेलं बेरिंग

या, असं उंबऱ्यात उभं राहू नका. सतरंजीवर या, टाळ बाजूला सरकवा, अगदी माझ्या शेजारी बसा. कीर्तनाला अजून अवकाश आहे, शंभूबुवांची गाडी आत्ता कुठं तुळजापूरचा घाट उतरत असेल. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. देवादिकांची न्हाय, आमच्या घरची आहे. अन् तिच्यात माझीच फजिती आहे, म्हणजे खरी आहे हे आलंच. खोट्या गोष्टीत माणूस स्वतःची फजिती कशाला घालील?

मी रामहरी. एसटीच्या भूम डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होतो. गाडी फाटकातून आत आली की आवाजावरून सांगायचो, मागचं डावं चाक बोलतंय. आता निवृत्त. सकाळी देवपूजा, संध्याकाळी जिथं कीर्तन असेल तिथं टाळ घेऊन हजर, अन् मधल्या वेळेत मुलाच्या शेडमध्ये लुडबुड.

शेड म्हणजे तामलवाडीला सोलापूर रस्त्याकडेला आमचं पत्र्याचं वर्कशॉप. मुलगा रणधीर अन् सून सोनाली, दोघांनी मिळून उभं केलंय. दोन लेथ अन् एक बोरिंग मशीन. बोरिंग म्हटलं की आपल्याकडं लोक विचारतात, पाणी किती फुटावर लागलं? तसलं न्हाय ते. हे मशीन ओतीव लोखंडात गोल भोक कोरतं. पाण्याच्या मोठ्या पंपाचं जे बाहेरचं घर असतं, त्याला हाउसिंग म्हणतात. त्या हाउसिंगमधलं भोक आम्ही पुण्याच्या एका कंपनीसाठी करतो.

गेल्या माघात ‘करत होतो’ म्हणायची पाळी आली होती.

झालं काय, भोकाच्या आतल्या अंगाला बारीक लहरी उठायला लागल्या. डोळ्याला दिसत न्हायत, पण नख फिरवलं की कळतात. कंपनीनं निरोप पाठवला: गुरुवारी आमच्या मॅडम येतील, त्यांच्यासमोर तीन हाउसिंग करून दाखवा. गोलाईत आठ मायक्रॉनच्या वर फरक चालणार न्हाय. न्हाय जमलं तर हे काम परत पुण्याला. आपल्या डोक्याचा एक केस सत्तरेक मायक्रॉन जाड. त्या केसाचे आठ-नऊ उभे भाग करा अन् त्यातला एक उचला, एवढीच सूट.

दुखणं स्पिंडलमध्ये होतं. स्पिंडल म्हणजे मशीनचा फिरता कणा, अन् त्याला जागच्या जागी धरून ठेवतात ती बेरिंगं. सगळ्यांनी सांगितलं, स्पिंडल पुण्याला पाठवा. सोनालीनं मात्र कंपनीला फोनवर सांगून टाकलं, “स्पिंडल आम्ही इथंच उघडू अन् इथंच भरू. गुरुवारी या.”

ती धाराशिवला डिप्लोमा झालेली, लग्नाआधी तीन वर्षं चाकणला स्पिंडल दुरुस्तीच्या कारखान्यात होती. पण तिथं वर साहेब होते. इथं वर पत्रा अन् त्याच्यावर आभाळ.

आमचा पखवाजवाला बलभीम, शेजारच्याच रानातला. तो शेडमध्ये डोकावला अन् म्हणाला, “रामहरी, सुनंला भाकरी थापायला सांग गड्या. लोखंडाचा कणा बसवणं काय बायामाणसाचं काम व्हय?”

“भाकरी हल्ली मीच थापतो,” मी म्हटलं. “ये खायाला. तुझ्या पखवाजाच्या पुडीपेक्षा मऊ असती.”

रविवारी सकाळी तिनं स्पिंडल उघडलं. टेबलावर धुतलेलं पांढरं कापड अंथरलं, केस बांधले, बांगड्या काढून ठेवल्या. आतून काळं जळकं ग्रीस निघालं.

“मामा, हे कुणी भरलं?”

“म्या. दिवाळीत. चांगलं तळव्यानं दाबून दाबून भरलं होतं.”

“बसच्या चाकात भरतात तसं?”

“तसंच की.”

ती रागावली न्हाय. म्हणाली, “मामा, बसचं चाक किती फिरतं अन् हे किती फिरतं! एवढ्या ग्रीसमधून आतले छर्रे पळणार म्हणजे माणसानं चिखलातून पळाल्यागत. तापलं बिचारं.”

मग तिनं जुनं बेरिंग फोडलं अन् छर्रे ज्या वाटेनं पळतात ती आतली वाट भिंगाखाली धरली. चपलेचा तळ बघितला की माणूस कसा चालतो ते कळतं ना, तसं ती त्या घासलेल्या पट्ट्यावरून वाचत गेली. पट्टा एका कडेला चढलेला होता.

“अहो, हे बघा,” तिनं रणधीरला बोलावलं. “सगळा भार समोरून येतोय, अन् समोरचा भार सोसणारं बेरिंग आधी कुणी बसवलंच न्हाय. वरनं तीन बेरिंगं तीन ठिकाणची. एकाचं एकाशी जमत न्हाय.”

माझ्या डोक्यात काही शिरंना. तिनं मला समजेल असं सांगितलं. छपराचं वजन वरून येत असेल तर टेकू उभा चालतो. वारा बाजूनं ढकलत असेल तर टेकू तिरपा लावावा लागतो. ह्या बेरिंगांत छर्रे तिरपे टेकलेले असतात, काहींत पंधरा अंशांनी, काहींत पंचवीस. पंधराचं बेरिंग लई पळतं. पंचवीसचं तेवढं पळत न्हाय, पण समोरची धडक सोसतं.

“अन् ही तीन एकत्र दाबून बसवायची,” ती म्हणाली. “सैल ठेवली तर कणा डुलतो, फार आवळली तर तापून मरतो.”

“पखवाजाची वादी!” माझ्या तोंडून निघालं. “ढिली असली तर भद् वाजतं, लई ताणली तर पुडी फाटती.”

“व्हय मामा, तसंच. फक्त हा ताण कारखान्यातच मोजून दिलेला असतो. हलका, मध्यम, जड. आपण कुठला मागायचा ते आपण ठरवायचं.”

सोमवारी तिनं सोलापूरच्या शरणबसप्पांना फोन लावला. त्यांचं बेरिंगचं दुकान. घरची बोली कानडी, सोनालीला धाकट्या बहिणीसारखं ‘तंगी’ म्हणतात. फोन स्पीकरवर होता.

“तंगी, माझं ऐक. सिरॅमिकच्या छर्ऱ्यांचं घे. पंधरा अंश. काय पळतंय म्हणून सांगू! पुण्याचे सगळे तेच नेत्यात.”

“पुण्याची स्पिंडलं मिनिटाला पंधरा हजार फेऱ्यांनी फिरतात, अण्णा. आमचं तीन हजाराच्या वर जात न्हाय. शर्यतीचा घोडा उसाच्या गाडीला जुंपून काय करू?”

“पण नवीन तंत्र आहे.”

“तंत्र नवीन आहे, आमचं काम जड आहे. मला पंचवीस अंश, साधे पोलादी छर्रे, मध्यम ताण, पण अचूकपणा वरच्या दर्जाचा. अन् तिन्ही एका जुळणीतली, कारखान्यानंच एकत्र बांधलेली. सुटी सुटी आणून जुळवलेली न्हाय चालायची.”

पलीकडं कपाट उघडल्याचा आवाज आला. मग शरणबसप्पा म्हणाले, “सगळी दुनिया मला विचारतीया काय घेऊ म्हणून. तू मला सांगतीयास. आहे एक सेट, एकच आहे. उद्या एसटीनं टाकतो.”

मी तिथं स्टुलावर बसलो होतो. खरं सांगतो, कीर्तनात बुवांनी एखादा अवघड अर्थ सोपा करून सांगितला की मांडवभर जशी मान डोलते, तशी माझी डोलली.

आता माझी फजिती ऐका.

मंगळवारी दुपारी पार्सल आलं. रणधीर अन् सोनाली धाराशिवला गेलेले, बेरिंगांच्या मधे घालायच्या कड्या घासून सपाट करून आणायला. तामलवाडीच्या थांब्यावर मीच गेलो. कंडक्टर ओळखीचा, त्यानं डबा हातात दिला. मी तो डोक्याला लावला अन् शेडमध्ये आणला.

वार मंगळवार, आईचा वार. आमच्या डेपोत रिवाज होता. नवं इंजिन येवो की नवा गिअरबॉक्स, हळदकुंकू अन् नारळ झाल्याशिवाय पाना लावायचा न्हाय. एकतीस वर्षांची सवय. मी ताम्हण घेतलं. आधी डब्याला बोट लावणार होतो. मग मनात आलं, पुठ्ठ्याची पूजा करून काय उपयोग, आतल्या वस्तूला लागायला पाहिजे. वरचं बेरिंग पाकिटातून काढलं. काय रूप होतं हो! आरशासारखं. ओल्या बोटानं हळद लावली, चिमटीनं कुंकू. चिमूट जरा सढळ झाली अन् कुंकू छर्ऱ्यांवर सांडलं. मला त्याचंही काही वाटलं न्हाय. हात जोडले, “आई, सुनंच्या हाताला यश दे,” म्हटलं, अन् ताटात तसंच ठेवून दिलं.

तेवढ्यात फोन.

“मामा, पार्सल आलं?”

“आलं की.”

“डबा उघडू नका हं. पाकीट आपण बसवायच्या वेळीच फाडायचं. धुळीचा एक कण गेला तरी छर्ऱ्याखाली भरडला जातो अन् वाटेला खड्डा पडतो. मग सगळं गेलं.”

“व्हय,” मी म्हटलं. माझं बोट लाल होतं.

फोन ठेवला. एक कण म्हणाली ती. इथं चिमूटभर होतं. माणसाचं मन कसं असतं बघा, पहिला विचार आला तो झाकायचा. फडक्यानं पुसू, पाकीट मेणबत्तीनं चिकटवू, कुणाला कळतंय? फडकं हातात घेतलंसुद्धा. मग शंभूबुवांचं परवाचं निरूपण आठवलं. बुवा म्हणाले होते, देवळात जाताना चपला बाहेर काढता, तसा मोठेपणाही बाहेर काढत जा. चपला निदान परत सापडतात, मोठेपणा न्हाय सापडला तरी बिघडत न्हाय. मी फडकं ठेवून दिलं. बेरिंगाला हात न लावता त्याच्यापुढं बसून राहिलो, दोघं येईपर्यंत.

चार वाजता आले. मी उभं राहून सांगितलं, “सोनाली, मी एक बेरिंग उघडलं. त्याला कुंकू लावलं. आत सांडलंय.”

रणधीर कपाळावर हात मारून म्हणाला, “आण्णा! अहो परवा तपासणी हाय! काय हे?”

सोनाली मात्र बेरिंगाकडं बघत होती. तिनं एकच विचारलं, “मामा, फिरवलं का?”

“काय?”

“बोटानं फिरवून बघितलं का? सगळे मेकॅनिक नवं बेरिंग हातात आलं की आधी गर्रकन फिरवतात.”

“न्हाय गं पोरी. पूजा झालेली वस्तू लगेच कशी वापरायची? पाया पडलो अन् ताटात ठेवलं.”

तिनं श्वास सोडला. “मग कुंकू नुसतं वर पडलंय, भरडलं न्हाय. फिरवलं असतं तर संपलं होतं.”

रणधीरनं तोवर शरणबसप्पांना फोन लावला होता. दुसरा तसला सेट यायला आठ दिवस. आज देता येईल तो पंधरा अंशाचा, सिरॅमिकचा. रणधीर म्हणाला, “अगं, तोच घेऊ. नवा कोरा तरी आहे. मळलेलं कशाला बसवायचं?”

“मग हे एक काढून दुसरं टाकता येत न्हाय व्हय?” मी विचारलं.

“टाळाची जोडी फुटली तर दुसऱ्या जोडीतला एक आणून वाजवाल का मामा?”

न्हाय वाजवणार. काशाच्या एका टाळाला दुसऱ्याची ओळख असते.

सोनाली शेडभर एक फेरी मारून आली. मग रणधीरला म्हणाली, “अहो, चुकीचं बेरिंग कितीही स्वच्छ असलं तरी चुकीचंच. बरोबर बेरिंग मळलं तर धुता येतं. आपण हेच बसवायचं. गुरुवारी न्हाय जमलं तर माझ्या नावावर.”

मग माझ्याकडं वळून म्हणाली, “अन् मामा, देवीचा मळवट भरतात. पण देवीच्या डोळ्यात कुंकू घालतात का?”

मला हसू आलं अन् डोळ्यात पाणीही आलं. “चुकलं पोरी.”

“चुकलं तर चुकलं. आता धुवायचं तुम्हीच. तुमच्याएवढा धीर ह्यांना न्हाय.”

धुणं म्हणजे डेपोतलं न्हाय हं. आम्ही डेपोत घमेल्यात रॉकेल ओतायचो अन् हवेच्या नळीनं बेरिंग असं फिरवायचो की शीळ वाजायची. इथं तिनं धुवायचं द्रव बारीक कापडातून दोनदा गाळून घेतलं, तीन काचेची भांडी मांडली. बेरिंग न फिरवता, आडवं धरून, हळू हळू बुडवायचं, निथळायचं, पुढच्या भांड्यात. प्रत्येक वेळी निथळलेलं पांढऱ्या गाळणीवर घ्यायचं अन् ती भिंगातून बघायची.

“अजून आहे.”

पुन्हा.

“दोन ठिपके.”

पुन्हा. माझ्या ओठांवर नाम आपोआप सुरू झालं अन् हाताला लय आली. नवव्या खेपेला गाळणी दुधासारखी पांढरी राहिली. तिनं तीनदा बघितलं. मग म्हणाली, “आता जरासं फिरवा मामा. एक वेढा.” मी फिरवलं. आवाजच न्हाय. एकतीस वर्षांत इतकं गुळगुळीत काही माझ्या बोटाला लागलं नव्हतं.

बुधवारी सकाळी बसवणं. शाफ्ट, म्हणजे तोच कणा, किती वाकडा फिरतो ते तिनं आधीच डायलवर मोजून त्याच्या उंच अंगाला खूण केली होती. बेरिंगाच्या उंच अंगाला कारखान्याचीच खूण असते. दोन्ही उंचवटे एकमेकांच्या विरुद्ध अंगाला ठेवले म्हणजे एकाची खोड दुसऱ्यानं झाकली जाते. मी म्हटलं, “म्हणजे नवराबायको.” रणधीर म्हणाला, “कोण कुणाची खोड झाकतंय ते बोलू नका आण्णा.” सोनाली म्हणाली, “सगळ्यांना माहितीये.”

बेरिंगं थोडी ऊन करून तिनं मोजे घातलेल्या हातांनी शाफ्टवर सरकवली. माझा हात सवयीनं हातोडीकडं गेला, तिनं नुसतं बघितलं, मी हात मागं घेतला. तिन्ही जागेवर गेली तेव्हा त्यांच्या बाहेरच्या अंगावरच्या रेघा जुळून एक मोठा बाण दिसला. तीन तुकड्यांवर एकच खूण. बाणाचं टोक भाराच्या दिशेला बरोबर आलं होतं. ग्रीस तिनं सिरिंजनं मोजून घातलं, दवाखान्यात इंजेक्शन भरतात तसं. इतकं थोडं की माझ्या जिवाला लागलं.

दुपारी मशीन चालू केलं. पाचशेवर. मग हजार. स्पिंडलच्या नाकावर ताप मोजायचं यंत्र लावलेलं. पस्तीस, चाळीस, चव्वेचाळीस. दीड हजारावर अठ्ठेचाळीस. रणधीर म्हणाला, “बंद करू?” मी देवीचं नाव घेतलं. सोनाली म्हणाली, “थांबा. ग्रीस आपली जागा शोधतंय.” पन्नासला काटा टेकला अन् तिथंच थबकला. मग एकोणपन्नास. सत्तेचाळीस. तिनं वेग वाढवत तीन हजारावर नेला, ताप थोडा चढला अन् पुन्हा उतरून एक्केचाळीसला बसला. बाहेर बलभीम उभा होता. त्यानं विचारलं, “मशीन बंद पडलं काय रं? आवाज येत न्हाय.”

“चालू आहे,” मी म्हटलं. तो आत येऊन बघेपर्यंत त्याला खरं वाटलं न्हाय.

गुरुवारी दहा वाजता राजनंदिनी मॅडम आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, स्वतः गाडी चालवत, मापाची पेटी स्वतः उचलून. चहा नको म्हणाल्या. त्यांच्यासमोर एकामागून एक तीन हाउसिंग झाली. त्यांनी प्रत्येक भोकात आठ दिशांनी माप घेतलं, थंड होऊ दिलं, परत घेतलं. पहिलं, चार मायक्रॉन. दुसरं, तीन. तिसरं, चार. आठाची सूट होती, आमच्या पोरीनं निम्म्याच्या वर वापरलीच न्हाय. दोन ठिकाणी निम्मी वापरली, एका ठिकाणी तीही न्हाय.

मॅडमनी चष्मा वर केला. रणधीरला विचारलं, “स्पिंडल कुठून भरून आणलं?”

रणधीर म्हणाला, “कुठून न्हाय मॅडम. इथंच. हिनं.” अन् तो बाजूला सरकला. माझ्या मुलाचा मला तेव्हाही अभिमान वाटला, सांगून ठेवतो.

“कुठली बेरिंगं घेतली?”

सोनालीनं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “पोलादी? अन् पंचवीस अंश? आजकाल कुणी मागत न्हाय.”

“मशीननं मागितली मॅडम. जुन्या बेरिंगातली छर्ऱ्यांची वाट भिंगाखाली तपासली, तिच्यावर सगळं लिहिलेलं होतं.”

मॅडमनी मापाची पेटी मिटली. मग म्हणाल्या, “आता चहा चालेल.” चहा घेताना त्यांनी पुण्यातल्या दोन मशीनांच्या स्पिंडलचं दुखणं तिला सांगितलं अन् वहीत तिची उत्तरं उतरवून घेतली. पुण्याची दुखणी, तामलवाडीत विचारलेली! काम आमच्याकडंच राहिलं. अन् गेल्या महिन्यात पुण्याहून एक स्पिंडल भरायला आमच्या शेडमध्ये आलं.

कुंकवाचं माझं बंद झालं असं समजू नका. सोनालीनंच मशीनच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, एक जागा दाखवून दिलीय. मंगळवारी तिथं लावतो.

आली वाटतं बुवांची गाडी. उठा, पण एक मागणं आहे तेवढं ऐकून उठा. त्या हाउसिंगवर कंपनीचा शिक्का येतो, पंपावर कंपनीचं नाव येतं. भोकाच्या आत कुणी नाव लिहीत न्हाय, तिथं नुसतं पाणी फिरतं. तुमच्या गावात नळाला पाणी येईल, कुठं मोठा पंप न थरथरता चालताना दिसेल, तो आमच्या शेडमधला असेल नसेल, त्याचं काही न्हाय. तेव्हा एकदा मनात म्हणा, तामलवाडीची सोनाली. एवढं आठवणीत ठेवा. चला, टाळ घ्या.